हरवलेल्या कर्त्याचा शोध : बालकांच्या लैंगिक व्यापाराविरुद्धच्या भारतीय कायद्यांची भाषा

‘मुलगी देवाला सोडली’ असे वाक्य महाराष्ट्रात एके काळी सहज बोलले जाई. व्याकरणदृष्ट्या हा कर्मणी प्रयोग होय. क्रियापद कर्माशी, म्हणजे मुलीशी, जुळते. कर्ता सांगितला नाही तरी वाक्याचे काही अडत नाही. ऐकणाऱ्यापुढे मुलगी आणि देव हे दोघेच उभे राहतात. तीच मुलगी पुढे बाजारात पोहोचली म्हणजे वाक्य बदले : ‘मुलगी वाईट मार्गाला लागली.’ येथे प्रयोग कर्तरी झाला आणि कर्तेपद मुलीकडे आले. जिला कोणी सोडले हे सांगण्याचे कारण पडले नाही, ती स्वतःच्या अधोगतीची मात्र कर्ती ठरली. बालकांच्या लैंगिक व्यापाराविरुद्ध भारतात झालेल्या कायद्यांचा इतिहास म्हणजे या दोन वाक्यांतील हरवलेल्या कर्त्याचा शोध होय, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलमे ‘जो कोणी’ या अर्थाच्या शब्दाने सुरू होतात. कर्त्यावाचून त्या वाक्याला आरंभच नाही. कलम ३७२ ने सोळा वर्षांखालील अज्ञान व्यक्तीस वेश्याव्यवसायासाठी विकणाऱ्यास, भाड्याने देणाऱ्यास अथवा अन्य प्रकारे हवाली करणाऱ्यास शिक्षा सांगितली. कलम ३७३ ने विकत घेणाऱ्यास. परंतु न्यायालयापुढे येणाऱ्या समाजाच्या बोलीत ‘विकणे’ हे क्रियापद क्वचितच होते. तेथे ‘वाहणे’ होते, ‘सोडणे’ होते. कोकणातील भाविणींच्या बाबतीत ‘शेज’ हा विधी होता. या प्रथांचा सर्व इतिहास व्यापाराचाच इतिहास नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि अल्पवयीन मुलीचा विधी म्हणजे तिला ‘हवाली करणे’ होय काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. वाद पुराव्याचा होता, तितकाच क्रियापदाचाही होता.

मराठी समाजातही हे क्रियापद बदलण्याचा यत्न झाला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून मुरळीच्या चालीवर कठोर टीका केली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रश्नाकडे लक्ष वेधले. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९२० मध्ये जोगतिणी व मुरळ्या यांसंबंधी कायदा केला. या मंडळींनी मुलगी देवाला वाहणाऱ्या आईबापांस व त्यांना तसे करू देणाऱ्या समाजास उद्देशून लिहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१९२१ मध्ये जिनीव्हा येथे स्त्रिया व बालके यांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानंतर १९२४ च्या दुरुस्तीने कलम ३७२ व ३७३ मधील वयोमर्यादा अठरा झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलगी कुंटणखाना चालविणाऱ्याच्या हवाली केली असल्यास हेतू वाईटच होता असे गृहीत धरण्यात येऊ लागले. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार कर्त्यावर आला. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने, स्त्रीची संमती असो वा नसो, समर्पणाचा विधी बेकायदेशीर ठरविला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापारास बंदी घातली. पाठोपाठ आलेल्या १९५६ च्या अनैतिक व्यापारविषयक कायद्याची भाषा मात्र दुहेरी होती. त्याने कुंटणखाना चालविणाऱ्यास व त्या कमाईवर जगणाऱ्यास गुन्हेगार ठरविले. परंतु सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणारी ‘स्त्री किंवा मुलगी’ ही देखील गुन्हेगार ठरली. मुलगी म्हणजे एकवीस वर्षांखालील, अशी व्याख्या त्याच कायद्यात होती. गिऱ्हाइकाची जबाबदारी मुख्यत्वे सार्वजनिक स्थळांच्या परिसरापुरती राहिली. ‘वाईट मार्गाला लागली’ हे जुने वाक्य अशा रीतीने कायद्यातही वस्तीला आले. शिवाय मुलगे या कायद्याच्या शब्दांबाहेरच होते. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया व मुली’ यांच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आणला, तेव्हा ही उणीव दूर झाली.

२०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास, मुलगा असो वा मुलगी, ‘बालक’ म्हटले. २०१३ मध्ये दंडसंहितेत कलम ३७०-अ आले. बालक व्यापारातून आणलेले आहे हे ठाऊक असून, अथवा तसे मानण्यास कारण असून, त्याचा लैंगिक शोषणासाठी उपयोग करणारा तेथे स्पष्टपणे कर्ता झाला. विकणारा १८६० मध्ये कायद्यात आला होता. या शेवटच्या कर्त्याला अशा स्पष्ट शब्दांत तेथे यावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही विक्री व खरेदी यांची कलमे ‘बालक’ हाच शब्द वापरतात.

कायद्याचे वाक्य पुरे झाले म्हणून व्यवहार थांबतो असे नव्हे. दारिद्र्य, कर्ज व जातीने लादलेली प्रथा यांना कलमे पुरी पडत नाहीत. तरीही अभ्यासकाच्या हाती एक गोष्ट आहे. ‘बालवेश्या’ हा शब्द आपल्या नियतकालिकांत व प्रबंधांत अजून आढळतो. त्यात बालकाला व्यवसाय चिकटविलेला आहे आणि बाकी सर्व कर्ते अदृश्य आहेत. न्यायालयांनी व विधिमंडळांनी इतक्या सायासाने शोधलेला कर्ता आपल्याच लेखणीने पुन्हा हरवू नये, एवढी दक्षता तरी आपण घेतलीच पाहिजे.