अकरा महिन्यांचा भाडेकरार

राहते घर भाड्याने देताना घरमालक आणि भाडेकरू यांच्यात होणारा, ठरावीक मुदत संपली की नव्याने करावा लागणारा करार. महाराष्ट्रात त्याचे प्रचलित रूप म्हणजे लिव्ह अँड लायसन्स करार. बोलताना दोन्ही पक्ष ‘मालक’ आणि ‘भाडेकरू’ म्हणत असले, तरी कागदावर ते परवाना देणारा आणि परवानाधारक असतात. 11 महिन्यांची मुदत हा रिवाज आहे, कायद्याची अट नाही. 22 किंवा 33 महिन्यांचे करारही सर्रास होतात, आणि महाराष्ट्रातील मुद्रांक शुल्काची आकारणी 60 महिन्यांपर्यंतच्या मुदतीचा विचार करूनच ठरवलेली आहे.

अशा करारात भाडेकरूला घरावर कोणताही मालमत्ताहक्क मिळत नाही. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 नुसार मिळणारा परवाना मात्र केवळ वापरापुरता असतो. म्हणून करारात काही वाक्ये हटकून आढळतात : जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील, परवानाधारक कुळाचा हक्क सांगणार नाही, घर तिसऱ्याला वापरायला देणार नाही, मुदत संपताच ते रिकामे करून देईल. अनामत रक्कम, दरमहा शुल्क, नोटिशीचा काळ आणि ज्या काळात कोणालाच करार मोडता येत नाही तो ‘लॉक-इन’ काळ या बाबी दोघांनी ठरवायच्या असतात.

मालकांना एवढी काळजी का वाटते, याचे उत्तर मुंबईच्या भाडे कायद्यात सापडते. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने कुळांना मोठे संरक्षण दिले आणि प्रमाणभाडे, म्हणजे कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवले. युद्धोत्तर टंचाईत आणि फाळणीच्या काळात हे संरक्षण आवश्यकच होते. मात्र भाडी गोठली ती दशकानुदशके. चाळींची दुरुस्ती रखडली, पागडीचा व्यवहार वाढला आणि मालक भाड्याऐवजी परवान्यावर जागा देऊ लागले. 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्यावर जागेत राहत असलेल्यांना कुळाचा दर्जा मिळाला. परवान्याची वाटही सुरक्षित नाही, ही धास्ती त्या दिवसापासून मालकांच्या मनात बसली. पुढची कित्येक वर्षे अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. गोठवलेले प्रमाणभाडे न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर 1997 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला.

आजच्या कराराचा सगळा डोलारा या अधिनियमाच्या दोन कलमांवर उभा आहे. कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपली की मालकाला ताबा परत मिळण्याचा हक्क आहे. परवानाधारक हटून बसला, तर नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यावर परवानाधारकाने 30 दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागायची असते. लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. ‘तोंडी वेगळे ठरले होते’ हा बचाव तिथे टिकत नाही. सही करण्यापूर्वी करार शब्दन्‌शब्द वाचणे भाडेकरूसाठी का गरजेचे आहे, हे यावरून कळावे.

कलम 55 हे मालकाला बांधून ठेवते. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर पुरावा मालकाने द्यायचा. शिवाय 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

इथेच 11 महिन्यांबद्दलचा मोठा गैरसमज दूर करायला हवा. 1908 च्या नोंदणी अधिनियमानुसार 1 वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर 11 महिन्यांची पद्धत रुळली. इतर अनेक राज्यांत तिला आजही अर्थ आहे. महाराष्ट्रात मात्र कलम 55 ने मुदतीचा प्रश्नच ठेवलेला नाही : 11 महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. स्टॅम्प पेपरवर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून दिलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. तरीही असे कागद राजरोस फिरतात, आणि अनामत बुडाली की त्यांचा उपयोग किती थोडा आहे, हे भाडेकरूला कळते.

नोंदणी आता घरबसल्या होते. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, आधारवरून दोघांची आणि साक्षीदारांची ओळख पटते, आणि दुय्यम निबंधकाच्या मान्यतेनंतर दस्त व नोंदणीचा गोषवारा असलेला ‘इंडेक्स 2’ मिळतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि अनामतीवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के असते. महिना 20,000 रुपये भाडे आणि 1,00,000 रुपये परतीची अनामत असेल, तर 11 महिन्यांचे भाडे 2,20,000 आणि अनामतीवरील व्याज सुमारे 9,167 रुपये होते. त्यावरचे शुल्क सुमारे 573 रुपये. नोंदणी फी शहरी भागात 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. हाच करार एकदम 33 महिन्यांचा केला तर शुल्क तिपटीने म्हणजे सुमारे 1,719 रुपये होते, पण नोंदणी फी एकदाच पडते. 11 महिन्यांचे तीन करार करणारे शहरातील भाडेकरू आणि मालक फीपोटी 2,000 रुपये जास्त मोजतात. एजंटचे पैसे वेगळेच.

खर्चापेक्षाही मोठी झळ मुलांच्या शाळेला बसते. 1 जूनला सुरू झालेला करार 30 एप्रिलला संपतो. त्यापुढचा 31 मार्चला, आणि तिसरा थेट फेब्रुवारीअखेर, ऐन परीक्षांच्या तोंडावर. त्या वेळी मालकाने भाडे वाढवले किंवा घर मागितले, तर दहावी-बारावीचे मूल असलेल्या कुटुंबाला सामान टेम्पोत भरण्यावाचून किंवा मागेल ते भाडे देण्यावाचून गत्यंतर नसते. नूतनीकरणावेळी भाडेवाढ मागण्याचा प्रघात आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तिच्यावर कायद्याची मर्यादा नाही. अधिनियमातील वार्षिक 4 टक्के वाढीची तरतूद संरक्षित कुळांसाठी आहे.

मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 116 नुसार भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावरही मालकाने भाडे स्वीकारले, तर पट्टा महिन्यामहिन्याने किंवा वर्षावर्षाने चालू राहतो. आणि कलम 106 नुसार महिन्याच्या पट्ट्याला 15 दिवसांची नोटीस पुरते. लिव्ह अँड लायसन्सला हा आधार नाही. मुदत उलटूनही भाडे खात्यात जमा होत राहते आणि नवा कागद मात्र झालेला नसतो. या काळात मालकाकडे चालू नोंदणीकृत करार नसतो आणि भाडेकरूला उद्याचा भरवसा नसतो.

इंग्लंडने याच्या उलट मार्ग धरला आहे. तिथे 2025 च्या भाडेकरू हक्क कायद्याने 1 मे 2026 पासून खाजगी भाडेकरारांची ठरावीक मुदतच काढून टाकली आहे. करार महिन्यामहिन्याने चालत राहतो, भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन जाऊ शकतो, मालकाला मात्र घर परत मागण्यासाठी कायद्यातले कारण दाखवावे लागते. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना दोन्हीकडचा फरक लगेच जाणवेल.

महाराष्ट्रात नोंदणी अटळच असल्यामुळे 11 महिन्यांच्या मुदतीत मालकाचाही फारसा फायदा उरलेला नाही. 33 किंवा 36 महिन्यांचा करार करावा, दरवर्षीची भाडेवाढ आणि दोन्ही बाजूंची नोटीस त्यातच लिहून घ्यावी, आणि भाडेकरूने ‘इंडेक्स 2’ची प्रत हाती आल्याशिवाय पूर्ण अनामत देऊ नये.