मंत्रप्रभावांचा निवाडा (भूमिकाप्रधान खेळ)

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाप्रधान खेळांत (उदा. डंजन्स अँड ड्रॅगन्स) दोन किंवा अधिक मंत्रांचे परिणाम एकमेकांत गुंतले आणि त्यांचे काय होईल हे नियमपुस्तकात स्पष्ट नसले, तर खेळाचा सूत्रधार जो निर्णय देतो त्यास मंत्रप्रभावांचा निवाडा असे म्हणता येईल. अशा सूत्रधारास डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 'डंजन मास्टर' म्हणतात. तो कथेचा निवेदक असतो, तसाच पंचही असतो. इतर बहुतेक खेळांत ही दोन कामे एकाच व्यक्तीकडे नसतात आणि निवाड्यातील बऱ्याचशा अडचणी त्यातूनच निर्माण होतात.

पार्श्वभूमी

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. त्यातील मंत्रांची वर्णने अत्यंत त्रोटक होती. उरलेले सूत्रधाराने ठरवावे अशी अपेक्षा होती. शंका वाढत गेल्या तेव्हा खेळाला वाहिलेल्या 'द ड्रॅगन' या मासिकात १९७९ साली 'सेज ॲडव्हाइस' हे प्रश्नोत्तरांचे सदर सुरू झाले. त्याच्या पहिल्या लेखिका जीन वेल्स होत. पुढे स्किप विल्यम्स यांनी ते दीर्घकाळ चालवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर ही जबाबदारी जेरेमी क्रॉफर्ड यांच्याकडे आली. त्यांनी समाजमाध्यमांवर दिलेली उत्तरे काही काळ अधिकृत मानली जात. २०१९ पासून मात्र संकलित पुस्तिकेतील उत्तरांनाच तो दर्जा उरला.

मूलभूत तत्त्वे

पाचव्या आवृत्तीचे पहिले तत्त्व असे की, विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. भारतीय वाचकास हे नवे नाही. संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध हाच आहे, आणि दोन सारख्याच बळाचे नियम भिडल्यास नंतरचा नियम लागू करावा अशी तरतूद पाणिनीने अष्टाध्यायीत केली आहे. मीमांसकांनी परस्परविरोधी विधिवाक्यांच्या निर्णयासाठी याहून कितीतरी विस्तृत शास्त्र रचले, आणि धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी ते दैनंदिन व्यवहारास लावले. ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी तर ग्रंथांचा अग्रक्रम प्रदेशानुसार ठरवला होता: मिताक्षरा आणि सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख यांत मतभेद असल्यास मुंबई, गुजरात व उत्तर कोकण, म्हणजे ठाण्याच्या परिसरातही, मयूखाचे मत ग्राह्य धरले जाई, देशावर मिताक्षरेचे. खेळाचे नियम आणि वारसाहक्काचा कायदा यांची तुलना कोणास विचित्र वाटेल, परंतु प्रश्नाचे स्वरूप एकच आहे.

दुसरे तत्त्व असे की, एकाच नावाचा मंत्र एकाच पात्रावर दोनदा पडल्यास परिणामांची बेरीज होत नाही. अधिक प्रभावी असेल तोच लागू होतो. तिसरे एकाग्रतेचे. अनेक मंत्र टिकवण्यासाठी मांत्रिकास एकाग्रता राखावी लागते आणि एका वेळी एकाच मंत्रावर ती राखता येते. त्यामुळे विचित्र संयोगांपैकी बरेचसे एकट्या मांत्रिकाला साधतच नाहीत. त्यासाठी दोघे लागतात. परिणाम एकाच क्षणी घडत असतील तर ज्या पात्राची पाळी चालू आहे त्याच्या खेळाडूने क्रम ठरवावा, असा पर्याय २०१७ च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुस्तकाने दिला.

गाजलेली उदाहरणे

सर्वाधिक वाद बहुधा तेलकट वंगणाच्या मंत्रावर झाला असावा. 'ग्रीस' हा मंत्र जमिनीवर दहा फूट चौरसात निसरडे वंगण पसरवतो. समजा, डोंबिवलीत चार मित्र खेळत आहेत. एकाने हा मंत्र टाकला आणि दुसऱ्याने लगेच त्यावर आगीचा गोळा फेकला. वंगण पेटेल काय? व्यवहारज्ञान सांगते की पेटावे. परंतु २०१४ च्या मजकुरात ज्वलनशीलतेचा उल्लेख नाही, आणि त्याच पुस्तकातील 'वेब' या जाळ्याच्या मंत्रात तंतू पेटतात हे स्पष्ट लिहिले आहे. एका ठिकाणी लिहिले आणि दुसऱ्या ठिकाणी वगळले, तर ते वगळणे हेतुपुरस्सर समजावे, असा शब्दनिष्ठ पक्षाचा युक्तिवाद होता. २०२३ सालच्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळात मात्र हेच वंगण धडाडून पेटते, त्यामुळे तो खेळून आलेल्यांची अपेक्षा वेगळी असते. २०२४ च्या सुधारित आवृत्तीने वर्णनातच 'न पेटणारे वंगण' असा शब्दप्रयोग करून वाद मिटवला.

अदृश्यतेचा प्रश्न याच्या उलट आहे. तेथे मजकूर स्पष्ट होता, पण पटण्याजोगा नव्हता. २०१४ च्या नियमांत अदृश्य पात्राला दोन स्वतंत्र लाभ होते: ते दिसत नाही, आणि त्याच्यावरील हल्ल्यांना अडथळा येतो. अदृश्य वस्तू पाहण्याचा मंत्र वापरणाऱ्यास पहिल्यावर मात करता येई, दुसऱ्याचे काय? अक्षरशः वाचले तर समोरचा दिसत असूनही अडथळा कायम राहतो. क्रॉफर्ड यांनी हाच अर्थ ग्राह्य धरला. अनेक सूत्रधारांनी तो आपल्या टेबलावर मानला नाही, आणि ते योग्यच होते असे म्हणावे लागते, कारण २०२४ मध्ये नियमच बदलून पाहू शकणाऱ्याविरुद्ध तो लाभ काढून घेण्यात आला.

खरी पोकळी अंधार आणि प्रकाश यांच्या मंत्रांत सापडते. २०१४ च्या नियमांनुसार 'डार्कनेस' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र दुसऱ्या किंवा त्याखालील पातळीचा जादुई प्रकाश नष्ट करतो. 'डेलाइट' हा तिसऱ्या पातळीचा मंत्र तिसऱ्या किंवा त्याखालील पातळीचा अंधार नष्ट करतो. आता अंधाराचा मंत्र चौथ्या पातळीची शक्ती खर्चून टाकला तर? प्रकाश त्याला मिटवू शकत नाही, आणि अंधारही तिसऱ्या पातळीच्या प्रकाशाला मिटवू शकत नाही. दोन्ही एकाच जागी शिल्लक राहतात. अंधाराच्या वर्णनात फक्त 'जादू नसलेला प्रकाश' निष्प्रभ ठरतो असे म्हटले आहे. त्यावरून जादुई प्रकाश तेथे उजळेल असे अनुमान काढता येते, पण ते अनुमानच होय.

शत्रूच्या फुप्फुसांत पाणी निर्माण करण्याची कल्पना जवळजवळ प्रत्येक नव्या खेळाडूला सुचते. संबंधित मंत्र 'उघड्या पात्रात' सुमारे ३८ लिटरपर्यंत पाणी निर्माण करतो, आणि फुप्फुस हे उघडे पात्र नव्हे, एवढ्यावर हा प्रश्न संपतो.

प्रतिमंत्र

'काउंटरस्पेल' हा दुसऱ्याचा मंत्र उधळून लावणारा मंत्र. २०१४ च्या नियमांत त्यावरही प्रतिमंत्र टाकता येत असे, अगदी मूळ मांत्रिकालाही. २०२४ मध्ये एका पाळीत मंत्रशक्तीचा एकच साठा खर्चावा असा दंडक आल्याने, स्वतःच्या पाळीत साठा खर्चून मंत्र टाकणाऱ्यास त्याच पाळीत दुसरा साठा खर्चून बचाव करता येत नाही. निःशब्दतेच्या क्षेत्रातूनही प्रतिमंत्र टाकता येतो, कारण त्यास उच्चाराची गरज नसून केवळ हस्तमुद्रेची आहे.

महाभारताच्या सौप्तिक पर्वातील अस्त्रप्रसंग या संदर्भात लक्षणीय आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन यांची अस्त्रे परस्परांविरुद्ध सुटल्यावर नारद व व्यास मध्ये उभे राहतात. ब्रह्मशिर अस्त्राचा दुसऱ्या महास्त्राने प्रतिकार झाल्यास त्या प्रदेशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असा नियम तेथे सांगितला आहे. अर्जुन अस्त्र मागे घेतो, अश्वत्थाम्यास ते जमत नाही, म्हणून अस्त्राचा रोख गर्भाकडे वळतो. अर्थात येथील निवाडा खेळाडूंच्या नव्हे, कथेच्या गरजेने होतो.

पत्त्यांच्या खेळांशी तुलना

१९९३ साली रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात सूत्रधार नसतो आणि स्पर्धांत सर्वत्र एकच उत्तर मिळणे आवश्यक असते. म्हणून १९९९ मध्ये त्यात 'स्टॅक' ही पद्धत आली: शेवटी टाकलेला मंत्र प्रथम फळतो. स्पर्धांत प्रशिक्षित पंच असतात आणि नियमावलीचा आकार शेकडो पानांचा आहे. भूमिकाप्रधान खेळांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही. तेथे सूत्रधार तात्पुरता निर्णय देऊन खेळ पुढे नेतो, पुस्तक सत्र संपल्यावर उघडतो, आणि पुढील वेळी निर्णय बदलायचा असल्यास तसे सर्वांना आधी सांगतो. एकदा खेळाडूच्या बाजूने दिलेला निवाडा पुढे शत्रूच्या मांत्रिकालाही लागू होतो. हे खेळाडूंस आधीच सांगितल्यास फुप्फुसातील पाण्याचा आग्रह सहसा मागे घेतला जातो.