जारच्या आत कोण बघतं?

डिसेंबर २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात जगभरच्या ऑफिसांमध्ये जावा प्रोग्रामरांना एकच प्रश्न विचारला जात होता: ‘आपण लॉगफोरजे वापरतो का?’ उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं होतं. पण पुष्कळ ठिकाणी ते शोधण्यात दिवसच्या दिवस गेले.

लॉगफोरजे ही प्रोग्रामची रोजनिशी लिहिणारी लायब्ररी. कोण लॉगिन झालं, कुठे एरर आला, याच्या नोंदी ती ठेवते. २०१३ साली तिच्यात एक सोय घातली गेली. नोंदीत ठरावीक पद्धतीचा मजकूर आला, तर तो नुसता लिहायचा नाही, त्याचा अर्थ लावायचा. गरज पडली तर दुसऱ्या सर्व्हरला विचारून. त्यामुळे परक्या माणसाने चॅटच्या चौकटीत एक ओळ टाइप केली, तरी ती नोंदवता नोंदवता तुमचा सर्व्हर त्याच्याकडचा कोड आणून चालवू शकत होता. माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवर हे घडताना दिसलं. धोक्याच्या मोजपट्टीवर या भोकाला दहापैकी दहा गुण मिळाले.

जावाच्या लायब्रऱ्यांचं सार्वजनिक कोठार म्हणजे मेव्हन सेंट्रल. गूगलच्या एका टीमने त्याच महिन्यात ते तपासलं. ३५ हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे साठ्यातली आठ टक्क्यांहून अधिक, बाधित निघाली. त्यातल्या बहुसंख्यांनी लॉगफोरजे स्वतः मागवलंच नव्हतं. त्यांनी घेतलेल्या कुणीतरी घेतलेल्या कुणीतरी ते घेतलं होतं. काही ठिकाणी साखळी नऊ पायऱ्या खोल होती.

मी जावा लिहून पोट भरते. आज माझ्या शेजारी एआय सहायक बसलेला असतो आणि अर्धा कोड तो लिहितो. त्यामुळे ‘आपण कुणाच्या भरवशावर आहोत, हे आपल्याला माहीत का नसतं?’ हा प्रश्न आता दोघांचा झाला आहे. त्याचा इतिहास सत्तरहून अधिक वर्षांचा आहे.

उसनवारीची सुरुवात

१९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांच्या लवकरच लक्षात आलं की वर्गमूळ काढायचा कोड दर वेळी नव्याने लिहिण्यात अर्थ नाही. मग छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांचा संग्रह तयार झाला. हवी ती पट्टी काढायची, आपल्या पट्टीत तिची नक्कल करायची. ‘लायब्ररी’ हा शब्द तेव्हा शब्दशः खरा होता. उसना घेतलेला कोड डोळ्यांसमोर असे आणि तो लिहिणारा बहुधा त्याच इमारतीत भेटे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये सुरू झाला. पण दुसऱ्याचा कोड उघडून बघण्याचा भारतीय धंदा खऱ्या अर्थाने १९७०च्या दशकात आकाराला आला. टीसीएसने बरोज कंपनीसाठी रुग्णालयांची एक प्रणाली एका कोबोलमधून दुसऱ्या कोबोलमध्ये नेली. हे काम मुंबईत, आयसीएल १९०३ या वेगळ्याच कंपनीच्या मशीनवर झालं. १९८१मध्ये पुण्यात टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, उभं राहिलं. पास्कल भाषेच्या गाजलेल्या पी-कोड कंपायलरवर काम केलेले केशव नोरी पुढे तिथे होते. प्रोग्राम तपासणारे आणि प्रोग्राम लिहिणारे प्रोग्राम, हा या केंद्राच्या कामाचा मोठा भाग. म्हणजे मशीनने कोड वाचावा, ही कल्पना पुण्याला नवीन नाही.

बंद बरणी

१९९५मध्ये जावा आली आणि १९९७च्या आवृत्तीबरोबर ‘जार’ फाइल आली. कंपाइल केलेले क्लास एका झिपमध्ये बांधले की झाली जार. नावाप्रमाणे बरणीच, पण काच धुरकट. आत असतो बाइटकोड. तो मशीन वाचतं, माणसाला जड जातं. जावाबरोबरच येणारं ‘जावापी’ हे टूल आतल्या मेथडची नावं दाखवतं. त्यापुढे जाऊन हानपीटर व्हान फ्लीट या डच प्रोग्रामरने १९९६मध्ये ‘मोका’ काढला. हे टूल बाइटकोडवरून जवळपास मूळ जावा कोड उभा करायचं. कंपन्या हादरल्या, आमची गुपितं उघडी पडतील म्हणून ओरडा झाला. गंमत म्हणजे कोड वाचता येऊ नये म्हणून तो विस्कटून टाकणारं ‘क्रेमा’ही त्याचंच. १९९६च्या अखेरीस तो वारला. बरणीत डोकवावं की नाही, हा वाद मात्र मागे राहिला.

२००४मध्ये मेव्हन १.० आलं आणि पुढच्याच वर्षी मेव्हन २. या दुसऱ्याने एक मोठी सोय केली. तुम्ही एक लायब्ररी मागा, तिला लागणाऱ्या, आणि त्यांना लागणाऱ्या, सगळ्या आपोआप येतील. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या, तर मेव्हन झाडात जी जवळ असेल ती ठेवतं. ग्रेडल सहसा नवी ठेवतं. प्रोग्रामरने पाच नावं लिहावीत आणि दोनशे जार उतराव्यात, हे रोजचं झालं. सोय वाढली तसं बघणं संपलं.

निस्तार

मी मूळची गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याची. हा सगळा भाग पूर्वी मध्य प्रांतात. इथलं धान तलावांवर आणि बोड्यांवर पिकलं. कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव पुष्कळ ठिकाणी साखळीत आहेत. वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात. वरची पाळ फुटली की खालच्याला धोका, मग वरचा तलाव दुसऱ्या गावच्या हद्दीत का असेना.

या प्रांताच्या महसुली कारभारात दोन कागद होते. वाजिब-उल-अर्जमध्ये गावच्या चालीरीती, वाटा, पाण्याचे हक्क. निस्तार पत्रकात पडीक जमिनीवरून चराई, लाकूड, माती कुणी कशी घ्यायची. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ही दोन्ही नावं टिकली. गाव कशाकशावर जगतं, याची ती लेखी यादी.

सॉफ्टवेअरमध्ये अशी यादी सक्तीची व्हायला लॉगफोरजेसारखे धक्के बसावे लागले. मुंबईच्या सेबीने ऑगस्ट २०२४च्या सायबर सुरक्षा चौकटीत आपल्या कक्षेतल्या संस्थांना सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्ट-इनने अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आपलं निस्तार पत्रक लिहा, असंच म्हणा ना.

सहायकाला डोळे

आता एआयकडे वळू. कोड लिहिणारा सहायक एका तारखेपर्यंतचा सार्वजनिक कोड वाचून शिकलेला असतो. त्यानंतर जे बदललं ते त्याला आपसूक कळत नाही. जावातलं सरळ उदाहरण घ्या. एंटरप्राइज जावा ऑरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, पण ‘जावाएक्स’ हे नाव पुढे विकसित करायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२०मध्ये पॅकेजांची नावं ‘जकार्ता’ झाली, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ने तीच स्वीकारली. जुना कोड जगात ढिगाने आहे. त्यामुळे सहायक नव्या प्रोजेक्टमध्येही कधी कधी ठामपणे जुनं नाव लिहून देतो. कधी नसलेली मेथड रचतो. आणि तुमच्या कंपनीची अंतर्गत जार तर त्याने जन्मात पाहिलेली नसते.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला करार जाहीर केला. सहायकाने बाहेरची टूल्स कशी वापरायची, याची ती रीत. त्यावर जी टूल्स उभी राहिली, त्यांत जावाच्या जार बघणारीही आहेत. त्यांचं काम साधं आहे. आधी मेव्हन किंवा ग्रेडलला विचारायचं की या प्रोजेक्टमध्ये शेवटी कुठली आवृत्ती ठरली. मग तुमच्याच मशीनवर साठवलेली ती जार उघडायची. सोबत मूळ कोडाची जार असेल तर ती वाचायची, नसेल तर डिकंपाइल करायचं. मोकाचे वारसदार आजही जोरात आहेत. इंटेलिजेमधला फर्नफ्लॉवर त्यांतलाच. शेवटी क्लासची, मेथडची खरी रूपं सहायकाला द्यायची. आता तो आठवून बोलत नाही, बघून बोलतो. ‘लॉगफोरजे कुठून आलं?’ याचं उत्तर चॅटमध्ये काही क्षणांत मिळतं.

हा फायदा मोठा आहे. मर्यादाही तितक्याच खऱ्या. काही जारमध्ये दुसरी लायब्ररी नाव बदलून मिसळलेली असते. झाडात ती दिसतच नाही. काही कोड प्रोग्राम चालताना नावावरून शोधून बोलावला जातो. तो नुसत्या वाचनात सापडेलच असं नाही. शिवाय हे टूल स्वतःच एक परावलंबन आहे. कुणीतरी लिहिलेलं, तुमच्या मशीनवर तुमच्याच अधिकारांनी चालणारं.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट वेगळी. लॉगफोरजेचा दोष नेमका काय होता? नोंद म्हणून आलेला मजकूर त्याने हुकूम म्हणून घेतला. एआय सहायकाचा स्वभावही तोच आहे; समोर आलेला मजकूर तो सूचना समजू शकतो. एखाद्या लायब्ररीच्या कॉमेंटमध्ये कुणी लिहून ठेवलं की ‘हे वाचणाऱ्या सहायकाने अमुक फाइल तमुक पत्त्यावर पाठवावी’, तर? तो फसेलच असं नाही, पण फसणारच नाही याची हमी कुणी देत नाही. म्हणून असं टूल लावताना त्याला फक्त वाचायची परवानगी द्या. सहायक काही चालवू बघेल तेव्हा थांबा आणि स्वतः वाचा.

आणि यादीवर विसंबू नका. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. हक्कांचे कागद होतेच, पण गाळ काढणारा, पाळ बुजवणारा कोण, हे सैल झालं आणि पुष्कळ तलाव गाळाने भरले. लॉगफोरजे सांभाळणारेही मूठभर स्वयंसेवक होते, नोकऱ्या करून उरलेल्या वेळात काम करणारे. त्या डिसेंबरात रात्री जागून दुरुस्ती त्यांनीच केली, शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. जारच्या आत काय आहे, हे आता मशीन सांगेल. ती बरणी भरणारा माणूस कोण, तो अजून तिथे आहे का, त्याला मदत हवी आहे का, हे विचारायचं काम आपल्याकडेच राहतं.