मिताहारी कोर्नारो

कडू औषध डोळे मिटून गिळणारीं माणसें पुष्कळ आढळतात; पथ्य पाळणारीं फार थोडीं. औषध एकदां घशाखालीं उतरलें कीं पुढचें काम तें आपलें आपण करतें. पथ्याचें काम मात्र ज्याचें त्यालाच, आणि तेंहि रोज दोन वेळां, करावें लागतें. वैद्यासमोर 'हो' म्हणून आलेला रोगी घरीं पानावर बसला म्हणजे त्या 'हो'चें काय होतें, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावयास नको. आज ज्या गृहस्थाची हकीकत मी सांगणार आहें तो असाच एक रोगी होता. प्रथम त्यानें वैद्यांना फसविलें. नंतर स्वतःला फसविण्याचें सोडलें, आणि तेवढ्यानें त्याचें आयुष्य पालटलें. त्याला होऊन आतां साडेचारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तरीहि त्याची कबुली वाचतांना ती आपल्याच आळींतल्या कोणाची तरी असावी असें वाटतें.

त्याचें नांव आल्व्हिसे कोर्नारो. इंग्रजी पुस्तकांतून तो लुइगी कोर्नारो या नांवानें ओळखला जातो. इटलींतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकांत कोर्नारो हें मोठें घराणें; परंतु आल्व्हिसेच्या शाखेस उमरावपदाचा मान उरला नव्हता, आणि तो परत मिळविण्यासाठीं त्यानें केलेला दावा फेटाळला गेला. मान मिळाला नाहीं तरी मामाकडून आलेली संपत्ति मोठी होती. तो पादुआ शहरांत राहिला. पादुआ हें त्या काळीं वैद्यकविद्येचें माहेरघर. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा व्हेसालियस १५३७ पासून तेथल्या विद्यापीठांत शिकवीत होता; औषधी वनस्पतींच्या अभ्यासासाठीं १५४५ सालीं लावलेली तेथली बाग आजहि उभी आहे. कोर्नारोचें घर म्हणजे कलावंतांचें विश्रामस्थान. फाल्कोनेत्तो या वास्तुशिल्पज्ञानें १५२४ सालीं त्याच्या घराच्या आवारांत बांधलेला कमानींचा मंडप अजून पाहावयास मिळतो. 'रुत्सान्ते' या नांवानें प्रसिद्ध असलेला नाटककार आंजेलो बेओल्को त्याच्या आश्रयास होता. दलदलीचें पाणी काढून देऊन तेथें शेती उभी करणें, हा कोर्नारोचा आणखी एक मोठा उद्योग. सारांश, तो विरक्त बैरागी नव्हता. संसाराची आणि सुखाची रुचि असलेला माणूस होता.

ही रुचिच त्याला भोंवली. भरलेलें ताट, भरलेला पेला, आणि दोहोंनाहि 'पुरे' न म्हणण्याची संवय! पस्तिशीच्या सुमारास शरीरानें तक्रार मांडली. पोटांत कळा येत, कूस दुखे, सांध्यांत वातरक्ताची सुरुवात झाली. अंगांत बारीक ताप मुरून राहिला आणि तहान तर कधींच भागेना. चाळिशीपर्यंत हें असेंच चाललें. सर्व उपाय करून वैद्य थकले. तेव्हां त्यांनीं निकराचें सांगितलें: आतां एकच मार्ग उरला आहे, खाणेंपिणें नेमस्त करा, दिरंगाई केलीत तर कांहीं महिन्यांत हाहि मार्ग बंद होईल.

यांतली मौज अशी कीं हा सल्ला कोर्नारोला नवीन नव्हता. रोग्याला साजेल असें अन्न घ्या, आणि तेंहि थोडें घ्या, असें वैद्यांनीं त्याला पूर्वींहि बजावलें होतें. त्यानें काय केलें? आवडेल तें खाल्लें, हवें तेवढें प्यालें, आणि वैद्यांना त्यांतलें कांहीं कळूं दिलें नाहीं. ही कबुली त्यानें स्वतःच लिहून ठेवली आहे. शिवाय, सगळे रोगी असेंच करतात, अशी पुस्तीहि जोडली आहे. एवढी सरळ कबुली त्या काळच्या वैद्यकग्रंथांत विरळाच सांपडेल. कारण ते ग्रंथ वैद्यांनीं लिहिलेले असत, रोग्यांनीं नव्हेत.

या खेपेला मात्र त्यानें सल्ला मानला. थोड्याच दिवसांत उतार पडूं लागला, आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याचीं सर्व दुखणीं गेलीं, असें तो सांगतो.

बहुतेकांची गोष्ट येथेंच संपते. किंबहुना येथें ती उलट दिशेला वळते. बरें वाटूं लागलें कीं पथ्य सुटतें, आणि पथ्य सुटलें कीं दुखणें परततें. कोर्नारोचें वैशिष्ट्य असें कीं बरा झाल्यावर त्यानें पथ्याचा अभ्यास आरंभिला. जिभेला जें रुचतें तें अंगीं लागतें, अशा अर्थाची एक म्हण त्याच्या समाजांत रूढ होती. खादाड माणसाला याहून सोयीची म्हण कोठून मिळणार? कोर्नारोनें ती कसोटीस लावली. फार थंड आणि उग्र मद्य, खरबुजें व तशींच इतर फळें, कच्च्या पाल्याची कोशिंबीर, डुकराचें मांस, मैद्याचीं पक्वान्नें, हे सारे त्याच्या आवडीचे पदार्थ. एकेक पदार्थ घेऊन त्यानें पाहिला, आणि एकेक अपायकारक ठरला. म्हण खोटी निघाली. जिभेची साक्ष पोटाच्या बाबतींत ग्राह्य धरावयाची नाहीं, हा निर्णय त्यानें ग्रंथांतून घेतला नाहीं. स्वतःच्या अनुभवांतून घेतला.

अन्नाचा प्रकार ठरल्यावर त्याचें प्रमाण ठरवावयाचें होतें. थोडी भूक शिल्लक असतांनाच पानावरून उठावें, हा त्याचा नियम. पुढें त्यानें वजनच ठरवून टाकलें: दिवसाला १२ औंस अन्न आणि १४ औंस द्राक्षांचें मद्य. पाव, अंड्याचा बलक, थोडें मांस आणि पातळ सूप, हें सर्व मिळून ते १२ औंस. औंसाचें माप त्या काळीं ठिकठिकाणीं निराळें असे. आजच्या मापानें धरल्यास हें अन्न सुमारें ३४० ग्रॅम आणि मद्य सुमारें ४०० मिलिलिटर भरेल. मद्याच्या या आंकड्याकडे आपल्याला पुन्हां वळावें लागेल.

या नेमस्तपणाची परीक्षा पाहणारे प्रसंग त्याच्यावर आले. त्याच्या हिशेबानें सत्तराव्या वर्षीं त्याची घोडागाडी उलटली. घोड्यांनीं त्याला फरफटत नेलें. एक हात व एक पाय निखळला, सर्वांगाला जखमा झाल्या. तीन दिवसांत हा संपणार, असें वैद्यांचें भाकित होतें, आणि तरीहि त्याचें रक्त काढावें, त्याला रेच द्यावा, असा त्यांचा बेत होता. त्यानें दोन्ही नाकारलीं. हातपाय बसवून घेतले, तेल चोळून घेतलें, आणि तो बरा झाला. आज आपण म्हणूं कीं रक्त काढूं दिलें नाहीं हेंच त्याला फळलें. तो मात्र सारें श्रेय आपल्या नेमस्त आहारास देतो.

परंतु माझ्या दृष्टीनें त्याच्या चरित्रांतला सर्वांत बोलका प्रसंग अपघाताचा नव्हे, प्रेमाचा आहे. त्याच्याच हिशेबानें त्याला अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं होतीं. घरचीं माणसें, स्नेही आणि वैद्य, सगळे एक होऊन म्हणूं लागले, 'या वयांत एवढ्याशा अन्नावर शरीर कसें टिकेल? थोडें तरी वाढवा.' वय वाढतें तसें पोट दुबळें होतें, म्हणून अन्न कमीच हवें, असा त्याचा युक्तिवाद. पण प्रेमापुढें युक्तिवाद चालत नाहीं. त्यानें १२ औंसांचे १४ आणि १४ औंसांचे १६ केले. दहाबारा दिवसांत हंसतमुख म्हातारा चिडखोर आणि खिन्न झाला. मग कुशींत वेदना सुरू झाल्या, आणि पाठोपाठ आलेला ताप पस्तीस दिवस हटेना. सगळ्यांनीं त्याची आशा सोडली. तो पुन्हां आपल्या जुन्या मापावर आला आणि उठून बसला.

दोन औंस! म्हणजे आपल्याकडचा एक बेताचा लाडू. एवढ्यानेंच इतका ताप आला असेल कीं दुसरेंहि कांहीं कारण असेल, याचा निवाडा आज करतां येणार नाहीं. पण दोन औंसांमागचा आग्रह आपल्या चांगला ओळखीचा आहे. 'माझ्यासाठीं एवढा एक घ्याच,' असें म्हणून पानांत पडलेला जिन्नस नाकारणें म्हणजे वाढणाराला दुखविणें, अशी आपली समजूत. आणि मित्रमंडळींत 'एक पेला घेतल्यानें काय होतें?' हा प्रश्नहि त्याच आग्रहाचा भाऊ. एखादा मनुष्य आपल्या संवयीशीं झगडत असतो तेव्हां त्याचे शत्रू त्याला फारसे आडवे येत नाहींत. आडवीं येतात तीं प्रेमाचीं माणसें. कोर्नारोसारखा निश्चयी पुरुषहि तेथें नमला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१५५८ सालीं पादुआ येथें त्याचा 'संयमी जीवना'वरील छोटा निबंध छापून निघाला. पुढें त्यानें आणखी तीन लिहिले. लेव्हेन येथील लेसियस या धर्मपंडितानें १६१३ मध्यें आपल्या आरोग्यविषयक ग्रंथाबरोबर त्याचें लॅटिन रूप प्रसिद्ध केलें. इंग्रज कवि जॉर्ज हर्बर्ट यानें केलेलें भाषांतर १६३४ मध्यें निघालें. १७११ सालीं ॲडिसननें 'स्पेक्टेटर' पत्रांत त्याचें गुणगान केलें. शंभरी गाठलेला मिताहारी म्हणून कोर्नारो युरोपभर प्रसिद्ध झाला.

आणि येथें इतिहासाला थोडें कटु बोलावें लागतें. पहिल्या निबंधांत तो स्वतःला ऐंशीच्या पुढचा म्हणवितो, आणि शेवटच्यांत पंचाण्णवचा. परंतु त्याच्या वयाच्या निरनिराळ्या नोंदींचा मेळ बसत नाहीं. विसाव्या शतकांतील संशोधनानंतर त्याचा जन्म १४८४ चा धरला जातो. म्हणजे पहिला निबंध छापला तेव्हां तो ७४ वर्षांचा, आणि ८ मे १५६६ रोजीं वारला तेव्हां सुमारें ८२ वर्षांचा होता. ताटांतले औंस चोख मोजणारा हा माणूस वर्षें मोजतांना मात्र बराच उदार झाला! एकेकाळीं वैद्यांपासून ताट लपविलें, पुढें वाचकांपुढें वय वाढविलें. मनुष्यस्वभाव एका दिशेनें बांधला तर दुसरीकडून निसटतो, असेंच म्हणावयाचें. तरी सोळाव्या शतकांत ८२ वर्षें हें कमी आयुष्य नव्हे. आणि चाळिशींत मरणाच्या दारांतून परतलेल्या माणसाचीं तर नव्हेच.

दुसरा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याचा. १८८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तो म्हणतो कीं कोर्नारोनें कार्य आणि कारण यांची उलटापालट केली. थोडें खाल्लें म्हणून तो फार जगला असें नव्हे. त्याची प्रकृतीच मंदगति होती, म्हणून त्याला थोडेंच मानवत असे. अधिक खाल्लें कीं तो आजारी पडे. या टीकेंत तथ्य आहे. एकाचें माप दुसऱ्याला लावतां येत नाहीं. पण कोर्नारोनेंहि सर्वांनीं आपल्याइतकेंच खावें असें म्हटलेलें नाहीं; ज्याची प्रकृति दणकट आहे त्याला अधिक चालेल, हें त्यानें मान्य केलें आहे.

तिसरी गोष्ट मद्याची. कोर्नारोनें मद्याचा अतिरेक सोडला, मद्य सोडलें नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस जुनें मद्य त्याला सोसेनासें होई, तो क्षीण होत जाई, आणि नवें मद्य हातीं येतांच त्याला तरतरी येई, असें तोच लिहितो. त्याला हा मद्याचा गुण वाटला. आजच्या वाचकाला तेथें परावलंबनाची शंका आल्यावांचून राहात नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट केलें. तेव्हां त्याचे १४ औंस कोणीं कित्ता म्हणून गिरवूं नयेत. आणि ज्याला दारूवांचून चालतच नाहीं, त्यानें ती मनाच्या हिय्यानें एका दिवसांत तोडणेंहि धोक्याचें असतें. अशा वेळीं झटके येतात, भ्रम होतो, क्वचित् प्राणावर बेततें. तेथें डॉक्टरांची देखरेख हवीच. अनावर खाणें हाहि नुसता हावरेपणा नव्हे. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या वर्गीकरणांत त्याला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिलें आहे. म्हणून असा मनुष्य घरांत असेल तर त्याला निर्लज्ज म्हणून हिणविण्यापूर्वीं तो आजारी आहे काय, हें पाहणें बरें.

मग एवढें सगळें वजा केल्यावर कोर्नारोजवळ शिल्लक काय राहतें? त्याचे औंस राहात नाहींत, त्याची शंभरी राहात नाहीं, त्याचें मद्यहि राहात नाहीं. राहते ती एक साधी गोष्ट. फार खाऊं नये आणि मुळींच न खातांहि राहूं नये, हें गीतेच्या सहाव्या अध्यायांत आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. पादुआच्या वैद्यांनींहि त्याला तेंच वर्षानुवर्षें सांगितलें होतें. उपदेशाची वाण नव्हतीच. आपण काय खातों, किती पितों, आणि त्यानंतर आपल्याला कसें वाटतें, याचा खरा जबाब स्वतःपाशीं देण्याची वाण होती. ज्या दिवशीं तो जबाब त्यानें दिला त्या दिवसापासून तो बरा होऊं लागला.

तेव्हां आपल्यापैकीं कोणी उद्यां डॉक्टरांकडे जाणार असेल, आणि ते विचारतील, 'खाणेंपिणें कसें आहे?' तर ओठांवर आलेलें ठरीव उत्तर क्षणभर थांबवावें आणि खरें तें सांगावें. आणि घरीं पानावर कोणी 'पुरे' म्हणून हात आडवा धरला, तर वाढणारानेंहि त्या हाताचा मान राखावा.