कुणबिणीच्या कायद्याची कुळकथा

खर्डा म्हटलं की ११ मार्च १७९५ आठवतो. मराठ्यांनी निजामाला इथल्या निंबाळकरांच्या किल्ल्यात कोंडलं आणि दौलताबादेसह मोठा मुलूख नि तीन कोटींची रक्कम कबूल करून घेतली. पण ज्या राज्याने ही लढाई जिंकली, त्याच्या कोठ्यांत नि गोठ्यांत कोण राबत होतं, हे सांगायला कुणी थांबत नाही. तिथे कुणबिणी राबत होत्या. इथे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, तर मालकीची दासी, बटीक.

दुष्काळात पोटासाठी विकलेल्या, लढाईत धरलेल्या, लग्नात आंदण दिलेल्या, अशा वाटांनी त्या येत. मला सर्वांत क्रूर वाटते ती आणखी एक वाट. बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झाला की सरकार स्वतःच बाईला कुणबीण करी आणि किल्ल्यावर किंवा कारखान्यात कामाला लावी. न्याय करणाराच मालक होई. सुटका व्हायची ती पैसे भरून किंवा बदली बाई देऊन. म्हणजे एकीच्या सुटकेची किंमत दुसरीने मोजायची.

अमेरिका खंडातल्या वसाहतींनी माणसावरची अशी मालकी लेखी कलमांत बांधली. बार्बाडोसने १६६१ मध्ये, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये गुलामांसाठी संहिता केल्या. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये ठरवलं की मूल आईच्या दर्जाचं. इंग्रजी रिवाजात मूल बापाचं. व्हर्जिनियात मात्र गुलाम बाईला झालेलं गोऱ्या मालकाचं मूलही गुलामच राहिलं. आपल्याकडे अशी एकसंध संहिता नव्हती, म्हणून आपली प्रथा सौम्य होती असं म्हणण्याची सवय आहे. ती मला मान्य नाही. विकली गेलेली बाई कागद बघून कमी रडत नाही.

तिथली गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. तोवर इथला कायदाही बदलला होता. गुलामांची खरेदी-विक्री दंडसंहितेने १८६२ पासून गुन्हा ठरवली. पण त्याआधी, १८४३ च्या पाचव्या कायद्याने, गुलामावरचा मालकी हक्क कोर्टाने मानायचा नाही असं ठरलं होतं. मालकी बाळगणं तेव्हा गुन्हा नव्हतं. पण कुणबीण पळाली, तर तिला परत मिळवण्यासाठी मालकाला कोर्टाचं दार बंद झालं होतं. तिने जमवलेलं किडूकमिडूक ‘ती दासी आहे’ म्हणून कुणाला हिसकावता येत नव्हतं, आणि तिला मारहाण झाली तर तो स्वतंत्र बाईला झालेल्या मारहाणीइतकाच गुन्हा होता.