नाकाला रुमाल लावला, पण छातीचं काय?

थोडं लांब लिहितोय, पण आपल्या गावाचा प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर कामाला होते. शेवटची बारा वर्षं त्यांची ड्युटी गाळ वाळवायच्या वाफ्यांवर. वाळलेला गाळ फावड्याने ट्रॉलीत भरायचा, शेतकरी खत म्हणून न्यायचे. रविवारी सुट्टीला माणूस ठणठणीत. सोमवारी संध्याकाळी छाती भरलेली, अंगात कसकस. डॉक्टर विचारायचे, "बिडी किती ओढता?" वडिलांनी जन्मात बिडी ओढली नाही. पण काम काय करता, हे कुणी विचारलं नाही.

गाळामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. कुणी तपासलंच नाही, तर सांगणार कसं? म्हणून जुना इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात इंग्लंडातल्या मँचेस्टरपासून होते. तिथल्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरांना स्वतःलाच शिंकांचा त्रास. त्यांनी स्वतःवर प्रयोग केले, पतंगाला चिकट काच लावून वरच्या हवेतले परागकण पकडले आणि 1873 साली पुस्तक लिहिलं: हा आजार हवेतल्या परागकणांमुळे होतो. 'ॲलर्जी' हा शब्द तर त्यानंतर, 1906 साली, व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी दिला.

त्याच मँचेस्टरमध्ये 1914 साली आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून जिवंत गाळाने पाणी साफ करायची पद्धत मांडली. आज आपल्याकडच्या अनेक एसटीपी त्याच तत्त्वावर चालतात. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. पाणी साफ झालं, रोगराई हटली, हे उपकार मोठेच. पण पाण्यात हवा सोडली की बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात आणि त्या तुषारांबरोबर जंतूही हवेत जातात. पाणी सुधारलं, पण टाकीच्या काठावर उभा असलेला माणूस काय श्वासात घेतो, हे पाहायला बराच वेळ गेला.

दुसरी पद्धत दगडांच्या फिल्टरची. दगडांवर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, तो खायला चिलटांच्या अळ्या होतात. आपल्या बाथरूमच्या भिंतीवर बसते ना, ती केसाळ, पतंगासारखी माशी, तीच ही. ती मरते, वाळते, तिचा भुगा वाऱ्यावर जातो. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ऑर्डमन यांनी 1946 साली लिहिलं की ही माशी दम्याचं कारण ठरते. उपायही साधा होता: फिल्टर अधूनमधून पाण्याने तुडुंब भरून अळ्या बुडवायच्या. सगळ्या मारायच्या नाहीत, कारण त्या थर खातात म्हणूनच फिल्टर तुंबत नाही.

मग 1976. स्वीडनच्या रागनार रायलँडर यांनी वाळलेल्या गाळाच्या धुळीत काम करणाऱ्यांचा ताप, डोळ्यांची जळजळ आणि थकवा नोंदवला. संशय गेला मेलेल्या जंतूंच्या कवचातल्या विषावर, एंडोटॉक्सिनवर. काटेकोर बोलायचं तर ही ॲलर्जी नव्हे, पण छातीला तो फरक कळत नाही. जंतू मेला तरी विष उरतं, म्हणून 'गाळ वाळलाय, आता काय धोका' हे म्हणणं चूक.

हे वाचताना मला वडिलांचा सोमवार आठवला.

आपल्याकडे गटारात गुदमरून मेलेल्या कामगाराच्या वारसांना 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख ठरवले, 2023 साली तीस लाख केले. योग्यच झालं. पण तो एका दिवसात गेलेला जीव असतो. वीस वर्षांत थोडा थोडा गेलेला श्वास कोण मोजणार?

आता आपल्या गावात नवीन एसटीपी येतेय. वास येईल म्हणून विरोध करणारे आपण बरेच आहोत. आत कंत्राटावर राबणाऱ्या पोरांसाठी कुणी बोललंय का? मागण्या फार मोठ्या नाहीत. पाणी घुसळणाऱ्या पंख्यांऐवजी तळातून बारीक बुडबुडे सोडणारी यंत्रणा, म्हणजे तुषार कमी. गाळाची शेड झाकलेली पण हवा खेळती. कोरडा गाळ झाडायचा नाही, ओला ठेवूनच उचलायचा. चांगले मास्क, तेही बदलून मिळणारे. कपडे तिथेच धुवायची आणि आंघोळीची सोय. आणि कामावर घेताना एकदा, मग दरवर्षी, फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी. कंत्राटी असला तरी.

आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: टेंडरमध्ये यातलं काय काय लिहिलंय? उत्तर मिळालं की खाली कमेंटमध्ये टाका. मीही विचारलंय, वाट बघतोय.