दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

तुमच्या स्मार्टवॉचवर १०,००० पावलांचं लक्ष्य आहे ना? त्याची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. टोकियो ऑलिम्पिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा चिकटला, तो चिकटलाच!

आता घड्याळ नाडी आणि कॅलरीही सांगतं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ उपकरणं तपासली. त्यांपैकी ६ उपकरणांत नाडीची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. म्हणून 'आज ५०० कॅलरी जळल्या' या हिशेबावर वडापाव खाऊ नका. आणि छातीत दुखत असेल, तर घड्याळातली नाडी ठीक दिसली तरी ईसीजी काढायला लगेच निघा.